चपळ घोडा व बलवान घोडा : जालना परिसरातील घोडदळाचा इतिहास

मोटारीचे युग येण्यापूर्वी दख्खनच्या पठारावर वेगाने जाण्याचे प्रमुख साधन म्हणजे घोडा होय. या साधनाची निवड करताना सरदारापासून साध्या शिलेदारापर्यंत प्रत्येकास एकाच प्रश्नाला सामोरे जावे लागे : थोड्या चाऱ्यावर दूरवर दौड मारणारा, वाकड्या वाटेवर चटकन वळणारा हलका देशी घोडा घ्यावा, की समोरासमोरच्या धडकेत टिकणारा, थोराड, महाग परदेशी घोडा घ्यावा? सध्याच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवर या प्रश्नाची कसोटी १६७९, १७२७ व १८०३ अशी तीनदा लागली. त्यांतील शेवटच्या कसोटीचे, म्हणजे असईच्या लढाईचे, परिणाम सबंध मराठेशाहीला भोगावे लागले. म्हणून या परिसरातील घोडदळाचा इतिहास केवळ स्थानिक राहत नाही.

जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग घेऊन निर्माण करण्यात आला. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व दक्षिणेस गोदावरी यांमधील हा प्रदेश असून पूर्णा, दुधना, केळणा, जुई, कुंडलिका या त्यातील नद्या होत. जमीन बहुतांशी काळी व चिकण. पावसाळ्यात तीत घोड्याचा पाय रुतत असे, तर उन्हाळ्यात हीच जमीन दगडासारखी कठीण होई व पाण्याची ददात पडे. उत्तरेकडून अजिंठ्याच्या घाटाने येणारी आणि वऱ्हाडातून औरंगाबादेस जाणारी फौज या प्रदेशातूनच जात असल्यामुळे कुंडलिकेच्या काठची जालन्याची पेठ जशी व्यापाराने भरभराटीस आली, तशीच ती स्वाऱ्यांच्या तोंडीही सापडली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तिच्या सुबत्तेची साक्ष देते.

घोड्यांच्या जाती : भीमा नदीच्या खोऱ्यात पैदास होणाऱ्या देशी घोड्यास ‘भीमथडी’ म्हणत. त्याची खांद्यापाशी उंची साधारणतः सव्वाचार फुटांच्या आसपास असते. म्हणूनच बाहेरचे लोक त्याला ‘तट्टू’ म्हणून हिणवीत. परंतु कठीण खूर, काटक पाय आणि कडब्यावर व माळावरच्या गवतावर गुजराण करण्याची शक्ती हे त्याचे गुण इतर घोड्यांत क्वचितच एकत्र आढळत. मराठे स्वार घोड्यापेक्षा घोडी अधिक पसंत करीत. याउलट अरबी घोडा पावणेपाच ते पाच फूट उंचीचा, डौलदार व भरधाव धावणारा. तुर्की व इराणी घोडे त्याहूनही आडव्या बांध्याचे असून चिलखत घातलेला स्वार आणि पाखर यांचे ओझे ते सहज पेलीत. हे घोडे चौल, दाभोळ, गोवे अशा बंदरांतून समुद्रमार्गे किंवा काबूलकडून खुष्कीच्या मार्गाने येत. प्रवासातच कित्येक मरत, त्यामुळे उरलेल्यांची किंमत फार चढे. शिवाय त्यांना हरभऱ्याची किंवा कुळथाची चंदी नियमित लागे, खरारा लागे, मोतद्दार लागे. एक बडा घोडा बाळगण्याच्या खर्चात दोनतीन देशी तट्टे पोसता येत.

मोगल दरबाराने या फरकाला कायद्याचेच रूप दिले होते. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात घोड्यांचे अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी व जंगला असे सात वर्ग सांगितले आहेत. स्वाराचा पगार त्याच्या घोड्याच्या वर्गावर ठरे आणि लबाडी होऊ नये म्हणून घोड्यास डाग देत. देशी घोड्यांची जागा या यादीत तळाशी आहे. हा ग्रंथकार स्वतः काही काळ जालन्यास राहिला होता, असे गॅझेटियरमध्ये नमूद आहे. ज्या तट्टांना त्याने खालची प्रत दिली, त्यांनीच पुढे त्याच्या धन्याच्या वंशजांना याच मुलखात जेरीस आणले, हा इतिहासातील एक गमतीचा योग म्हणावा लागेल.

हा पेच घोड्यांच्या काळाबरोबर संपला असे नाही. विसाव्या शतकात मोटारींच्या शौकिनांपुढे तो जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. १९६४ मध्ये जर्मनीत पोर्शे ९११ या क्रीडामोटारीचे उत्पादन सुरू झाले. तिचे एंजिन अवघे दोन लिटरांचे, १३० अश्वशक्तीचे आणि वजन एका टनाहून थोडेसेच जास्त होते. त्याच वर्षाच्या हंगामात अमेरिकेत पाँटिअॅक जीटीओ ही मोटार विक्रीस आली. मध्यम आकाराच्या कौटुंबिक मोटारीत ६.४ लिटरांचे, ३२५ अश्वशक्तीचे एंजिन बसवून ती सिद्ध करण्यात आली होती. अशा मोटारींना पुढे बलदंड मोटारी म्हणू लागले. पहिली घाटातील वळणांवर सरस, दुसरी सरळ व रुंद रस्त्यावर. अश्वशक्ती हे परिमाणच घोड्यावरून आलेले असल्याने या तुलनेत ओढाताण नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अमेरिकेत बळ स्वस्त होते व नाजूक कारागिरी महाग होती, तर दख्खनमध्ये चपळाई स्वस्त व बळ महाग होते.

हलक्या घोडदळाचा उदय : देशी घोड्याच्या गुणांवर युद्धपद्धती उभारण्याचे श्रेय निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्याकडे जाते. बडी फौज समोर ठाकली असता तिच्याशी मैदानात न भिडता तिची रसद तोडणे, कहीवर छापे घालणे व पाणी अडविणे ही त्याची रीत. भातवडीच्या लढाईत (१६२४) मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा त्याने या रीतीनेच पराभव केला. त्याच्या पदरी असलेल्या मराठा सरदारांनी ती आत्मसात केली आणि शिवाजी महाराजांनी तिला शिस्तीची जोड दिली.

महाराजांच्या घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिरास घोडा व हत्यारे सरकारी पागेतून मिळत, तर शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. सभासदाच्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी रचना असून दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. फौजेबरोबर बायकामाणसे व कलावंतिणी नेण्यास सक्त बंदी होती. पावसाळ्यात फौज छावणीस परते. तिथे दाणावैरण आधीच साठविलेली असे. या तपशिलांना इथे विशेष महत्त्व आहे. पागेच्या घोड्याचे नुकसान सरकारावर पडत असे, शिलेदाराच्या घोड्याचे त्याच्या स्वतःच्या संसारावर. शिलेदार हे पागेच्या हुकमतीखाली असावेत, असा महाराजांचा दंडक होता आणि त्यामागचे इंगित या फरकातच असावे.

१६७९ सालच्या उत्तरार्धात दिलेरखान विजापूरला वेढा देऊन बसला असता त्याचे लक्ष विचलित करण्यासाठी महाराज मोगली मुलखात शिरले आणि नोव्हेंबरच्या मध्यास त्यांनी जालना गाठले. चार दिवस पेठ लुटली गेली. व्यापाऱ्यांनी आपली संपत्ती जान महंमद या साधुपुरुषाच्या बागेत लपविली होती आणि तीही सुटली नाही, असे सांगितले जाते. येईपर्यंत फौज सडी होती, पण परतताना तिच्यावर लुटीचे ओझे चढले. सोने, रुपे, कापड लादलेल्या उंटांच्या व घोड्यांच्या गतीने स्वारांना चालावे लागले आणि संगमनेरच्या बाजूस रणमस्तखानाने त्यांना गाठले. लढाई दीर्घकाळ चालली, तीत सिधोजी निंबाळकर पडला. अखेर बहिर्जी नाईकाने अपरिचित वाटेने फौज पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविली. या गडाचे नाव पुढे विश्रामगड पडले. लुटीपैकी बरीच वाटेत गेली. हलक्या घोड्याची सारी शक्ती त्याच्या हलकेपणात आहे, पाठीवर ओझे चढताच तो निव्वळ लहान घोडा उरतो, हा धडा महाराजांच्या अखेरच्या मोठ्या स्वारीने दिला. पुढे मराठ्यांना तो वारंवार शिकावा लागला.

पालखेडची मोहीम : अठ्ठेचाळीस वर्षांनी पहिला बाजीराव याच मुलखात आला. निजामुल्मुल्काने चौथाई व सरदेशमुखीचा वाद उकरून काढून कोल्हापूरकर संभाजीराजांचा पक्ष उचलून धरला होता. निजामाचे मुख्य बळ त्याच्या तोफखान्यात व थोराड घोड्यांवरील पोलादी स्वारांत होते. त्याच्याशी मैदानात गाठ घालणे म्हणजे त्याच्या सोयीने लढणे होय, हे बाजीरावाने ओळखले. १७२७ च्या पावसाळ्यानंतर पुण्याहून निघून तो औरंगाबाद सुभ्यात शिरला, जालना व सिंदखेडचे परगणे त्याने मारले आणि नोव्हेंबरच्या आरंभी जालन्याजवळ ऐवजखानाशी त्याची चकमक झाली. परंतु ही चकमक निकाली करण्याच्या फंदात तो पडला नाही. आपण इथे आहोत एवढे शत्रूस कळविणे, हाच तिचा हेतू. तेथून माहूर, वाशीमच्या रोखाने जाऊन, बऱ्हाणपुरास धोका असल्याची हूल उठवून तो खानदेशमार्गे थेट गुजरातेत उतरला.

निजाम आधी त्याच्या मागे धावला आणि मग कंटाळून पुण्याकडे वळला. पुणे प्रांत उद्ध्वस्त होत असल्याच्या वार्ता येत असताही बाजीराव विचलित झाला नाही. तो गुजरातेतून परतून औरंगाबादेवर चालून आला, तेव्हा आपली राजधानी वाचविण्यासाठी निजामास उलट धावावे लागले. या धावपळीत त्याचा जड तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे निजामाची फौज पाणी नसलेल्या जागेत सापडली व मराठ्यांनी तिला चहूंकडून कोंडले. मोठी लढाई न होताच निजाम वाटाघाटीस आला आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेनापती माँगमरी याने आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरव केला आहे. तोफखान्याने बलाढ्य असलेल्या शत्रूस तोफखान्यापासून तोडणे, हे तिचे मर्म. निजामाचे थोराड घोडेही येथे त्याच्या उपयोगी पडले नाहीत, कारण जो घोडा जास्त खातो तो तहानेनेही आधी खचतो.

पालखेडच्या यशाचा एक परिणाम मात्र अनिष्ट झाला. हलके घोडदळ हेच सर्व रोगांवर औषध आहे, अशी समजूत काही सरदारांत रुजली. उलट उदगीरच्या लढाईत (१७६०) इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी निजामाला नमविले तेव्हा तोफखाना हाच खरा, अशी दुसऱ्या टोकाची समजूत बळावली. पानिपतावर (१७६१) या दोन्ही समजुतींचे सरदार एकाच छावणीत होते आणि शिवाय बाजारबुणग्यांचा व यात्रेकरूंचा लोंढाही होता. तिथे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

कंपूंचा काळ : महादजी शिंद्याने १७८४ पासून द ब्वान्य या सॅव्हॉयच्या सेनानीकडून युरोपीय कवायतीच्या पलटणी तयार करविल्या. या पलटणींच्या तुकडीस मराठीत ‘कंपू’ म्हणत. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना चालू झाला. कंपूंच्या खर्चासाठी उत्तरेतील सुपीक मुलखाचा वसूल तोडून दिलेला असल्याने त्यांचा पगार वेळेवर होई. जुन्या शिलेदाराचा पगार मात्र थके. त्याने आपला घोडा स्वतःच्या पैशाने घेतलेला असे, बहुधा कर्ज काढून. घोडा मेला की त्याची चाकरी संपली, शेतीवर परतावे तर गाठी पैसा नाही. अशा स्वाराने तोफेच्या तोंडावर घोडा घालावा, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी त्या घोड्याची किंमत कोण भरून देणार हे सांगावयास हवे होते. मराठा घोडदळाच्या उतरत्या काळातील ‘भित्रेपणा’विषयी इंग्रज लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यांतील बराच भाग या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे निर्माण झालेला आहे.

असईची लढाई : १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झाले तेव्हा दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांनी आरंभी जुनी रीतच धरली. ऑगस्टच्या अखेरीस त्यांचे घोडदळ कर्नल स्टीव्हन्सनला चुकवून अजिंठ्याच्या घाटाने आले व जालन्याकडे सरकले. हैदराबादेवर झेप जाण्याची भीती निर्माण झाली. मेजर जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) यास गोदावरीच्या काठाने त्यांना तोंड देत फिरावे लागले. स्टीव्हन्सनने २ सप्टेंबर रोजी जालन्याचा किल्ला घेतला, परंतु त्यामुळे मोकळ्या घोडदळास कसलाच पायबंद बसला नाही. या तीन आठवड्यांत वेलस्लीला लढाई हवी होती आणि ती मिळत नव्हती.

वेलस्लीची स्वतःची गतीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती आलेल्या म्हैसूरच्या अमृतमहाल जातीच्या बैलांवर त्याच्या तोफा व सामान चालत असे. हे बैल इतर बैलांच्या मानाने फार चपळ. हलक्या घोडदळाचा पाठलाग करण्यासाठी जास्त घोडे लागतात असे नव्हे, चांगले बैल लागतात, हे त्याला उमगले होते. त्याच्या घोडदळाच्या दिमतीस घोड्यांनी ओढावयाच्या हलक्या तोफाही होत्या. स्वारांबरोबर दौडत जाऊन त्या क्षणात रोखता येत.

सप्टेंबरच्या मध्यानंतर चित्र पालटले. शिंद्यांचे कंपू व तोफखाना अजिंठ्याच्या घाटातून येऊन घोडदळास मिळाले आणि सबंध फौज भोकरदनच्या बाजूस केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात उतरली. फौजेचे बळ कित्येक पटींनी वाढले, परंतु तोफांचे बैल जेवढे चालतील तेवढीच तिची मजल उरली. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट होऊन दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा असे ठरले. २३ तारखेस वेलस्लीला शत्रू अपेक्षेपेक्षा फार जवळ असल्याचे कळले. शत्रू निसटेल या भीतीने स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने एकट्यानेच चालून जाण्याचे ठरविले. त्याच्याजवळ सु. ४,५०० कवायती सैनिक होते. शिवाय म्हैसूरचे व पेशव्याचे घोडदळ होते. पेशव्याच्या घोडदळात बापू गोखले होता. समोर पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि त्यांच्या उजवीकडे मैलोगणती पसरलेले तीस हजारांहून अधिक घोडदळ होते.

नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिपळगाव व वरूर ही गावे पाहून त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क वेलस्लीने केला व तो खरा ठरला. तेथून केळणा ओलांडून तो शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला. पोलमनने आपल्या पलटणींची फळी तत्काळ काटकोनात फिरविली. ही हालचाल कोणत्याही युरोपीय सैन्यास भूषणावह ठरली असती. मराठी तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्या तोफांचे बैल मारले गेले व त्या तोफा जागच्या जागी अडल्या. पायदळास तोफांवाचूनच पुढे जावे लागले. उजवीकडची ७४ वी पलटण चुकून असई गावाच्या रोखाने गेली व तिथल्या तोफांनी तिची चाळण केली. तिच्या उरलेल्या लोकांवर मराठा स्वार तुटून पडले. या लढाईत मराठा घोडदळाने नेमक्या वेळी घातलेला घाव तो हाच. तेव्हा कर्नल मॅक्सवेलच्या हाताखालील १९ वी ड्रॅगून व मद्रासी रिसाले मधे आले. त्यांनी स्वारांना हटविले आणि ते तसेच पलटणींवर गेले. मराठी गोलंदाज मेल्याचे सोंग करून तोफांखाली पडून राहिले व फळी पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. त्या तोफा परत घेण्यासाठी वेलस्लीला जातीने जावे लागले. त्याचा एक घोडा गोळीने ठार झाला आणि ‘डायोमीड’ नावाचा त्याचा आवडता करडा अरबी घोडा भाल्याने जखमी झाला. मॅक्सवेल दुसऱ्या हल्ल्यात पडला.

इंग्रजांचे ४२८ ठार व ११३८ जखमी झाले. म्हणजे लढणाऱ्यांपैकी तिघांतील एक ठार किंवा जखमी झाला. ९८ तोफा त्यांच्या हाती पडल्या. दौलतराव व रघूजी लढाई संपण्यापूर्वीच निघून गेले होते. घोडदळाचा फार मोठा भाग शेवटपर्यंत पाहत राहिला. केळणेच्या पलीकडे इंग्रजांच्या बाजूचे म्हैसूरचे व पेशव्याचे स्वारही असेच उभे होते. दोन्ही पक्षांचे देशी घोडदळ प्रेक्षक आणि परक्यांनी शिकविलेले पायदळ मरण्यास पुढे, असे हे विलक्षण युद्ध झाले. मात्र त्या संध्याकाळी विजयी इंग्रजांचे घोडेही इतके थकले होते की पाठलाग करणे शक्य झाले नाही. पुढे अडगाव येथे (२९ नोव्हेंबर) पुन्हा पराभव झाला, गाविलगड पडला आणि डिसेंबरमध्ये भोसल्यांनी देवगावचा व शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. वॉटर्लूचा विजेता असूनही वेलिंग्टन असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानीत असे, असे सांगतात.

मतभेद : मराठ्यांनी पायदळ व जड तोफखान्याच्या नादी न लागता केवळ घोडदळावर भर दिला असता तर ते अधिक भारी पडले असते, असे मत वेलस्लीनेच नोंदविले आहे. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील आपल्या ग्रंथात (१९२८) परकी अधिकाऱ्यांवरील अवलंबन व फौजेतील एकात्मतेचा लोप यांवर बोट ठेवले. अलीकडे रँडॉल्फ कूपर यांनी (२००३) मराठ्यांचा तोफखाना कोणत्याही दृष्टीने कमी प्रतीचा नव्हता, हे तपशिलाने दाखवून दिले आहे. वेलस्लीचे मत शत्रूच्या तोंडचे असल्यामुळे मराठी लेखकांना ते फार आवडते. परंतु ते तपासून घेण्याजोगी एक घटना पुढच्याच वर्षी घडली.

यशवंतराव होळकराने १८०४ मध्ये नेमका तोच मार्ग पत्करला होता. जुलै-ऑगस्टच्या पावसात त्याने कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळले. मॉन्सनच्या तोफा चिखलात टाकून द्याव्या लागल्या. पालखेडची पुनरावृत्ती होणार असे वाटू लागले. परंतु १७ नोव्हेंबर १८०४ रोजी लॉर्ड लेकने रात्रभर मजल मारून पहाटे फरुखाबाद येथे होळकराच्या निजलेल्या छावणीवर घोड्यांच्या तोफांनी मारा केला व मागोमाग ड्रॅगून सोडले. हलके घोडदळ हलकेपणातच गाठले गेले. याचा अर्थ असा की, १८०३–०४ पर्यंत चपळाई ही मराठ्यांची मिरासदारी राहिली नव्हती. लेकच्या स्वारांचे घोडे देशी तट्टांहून थोराड होते आणि तरीही ते एवढी मजल मारू शकले, कारण ते सरकारी होते. त्यांना चंदी नेमाने मिळत होती आणि मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा येणार याची स्वारास खात्री होती. तेव्हा चपळ घोडा की बलवान घोडा, एवढ्यापुरता हा वाद पाहणे अपुरे आहे. असईच्या मैदानावर शिंद्यांजवळ दोन्ही होते, आणि दोहोंस बांधणारा खजिना व हुकूम यांपैकी काहीच नव्हते.

छावणी व उत्तरकाळ : असईनंतर जालना हे इंग्रजांच्या हैदराबादेतील तैनाती फौजेचे मोठे ठाणे झाले. डिसेंबर १८१७ मध्ये नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांविरुद्ध जनरल डव्हटन गेला तो याच भागातून. पुढे येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी राहिली आणि तिच्या रिसाल्यांत जुनी शिलेदारी नव्या स्वरूपात पुन्हा अवतरली. स्वार आपला घोडा स्वतः आणी किंवा त्याची किंमत भरी. परंतु रिसाल्यात ‘चंदा’ नावाचा निधी असे. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम त्यात जाई व घोडा मेल्यास त्यातून दुसरा घेण्यास मदत मिळे. दौलतराव शिंद्याच्या शिलेदारास जे हवे होते ते इतके साधे होते. दख्खनी व अरबी घोड्यांच्या संकराचे प्रयत्नही या काळात झाले. माळेगावच्या (जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेतील घोड्यांचा बाजार त्यामुळे विशेष प्रसिद्धीस आला.

कंटिंजंट १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या रिसाल्यांपैकी विसावा डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर हाय वुड येथे भाले रोखून धावला. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धानंतर बंद झाली आणि १९२१ मध्ये विसावा व एकोणतिसावा हे रिसाले एकत्र करण्यात आले. डेक्कन हॉर्स हे नाव धारण करणारी ही पलटण आज रणगाड्यांवर आरूढ आहे. देशी भीमथडी घोडा मात्र लष्करातून केव्हाच नाहीसा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील मेंढपाळ धनगरांनी बिऱ्हाडे वाहण्यासाठी तो जतन केला आणि २०२४ च्या सुमारास राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन संस्थेने स्वतंत्र भारतीय जात म्हणून त्याची नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी आदी सात जातींनंतरची ही आठवी होय.